हाटे सरांचा हात

रघुनाथ हाटे यांची उभी हयात मैदानावर गेली. रेवदंड्याहून मुरूडकडे जाताना खाडीच्या तोंडाशी जी शाळा लागते, तिथे ते शारीरिक शिक्षणाचे मास्तर होते. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा खणखणीत, की मैदानाबाहेर चरणाऱ्या शेळ्यासुद्धा दचकून रांगेत येतील. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गावाच्या तोंडी ते हाटे सरच राहिले. पोलीस भरतीला उतरणारी पोरं अजूनही त्यांच्याकडे येत, आणि सर ओटीवर बसल्या बसल्या पोराची चाल बघून सांगत, तुझा उजवा बूट चावतोय, आधी तो बदल.

सर शिकवायचे ते फार नव्हतं. वर्षानुवर्षं तेच तेच सांगायचे. "अंग मागितल्याशिवाय काही देत नाही. त्याच्याकडे मागा. काल मागितलं त्याहून चिमूटभर जास्त आज मागा. मूठभर नको, चिमूटभर. मग एक दिवस त्याला निजू द्या, कारण ते वाढतं ते निजेत. ज्याला पोहायचंय त्यानं पाण्यात उतरावं, धावून धावून पोहणं येत नाही. आणि मागणं सोडलंत, तर अंग दिलेलं परत घेतं. कुणाचंही घेतं. माझंसुद्धा घेईल." एवढं सांगून झालं की शिट्टी वाजायची.

हे सगळं त्यांना पाठ होतं, आणि खरंही होतं. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण काय कुणी रिकामपणी रचली नाही.

सरांची बायको कमळ. साठी ओलांडली तरी बाई चपळ. परसातल्या झावळ्या गोळा करणं, सरपण रचणं, खाडीच्या ओहोटीला कालवं काढायला जाणं, सगळं तिचं तीच करायची. व्यायाम म्हणून तिनं जन्मात कधी हात वर केला नव्हता, आणि सर त्यावरून तिला चिडवायचे. "कमळ, रोज सकाळी जरा हातपाय हलवत जा." ती हंडा कमरेवरून उतरवत म्हणायची, "व्हय, आता तेवढंच राह्यलंय."

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ती परसातल्या धुण्याच्या दगडावरून घसरली. दगडावर शेवाळ होतं. खुब्याचं हाड मोडलं. अलिबागला ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर देऊन उभं केलं आणि घरी सोडताना सरांना बजावलं, "यांना बसवून ठेवू नका. रोज थोडं थोडं चालवा." सरांनी मान डोलावली. त्यांना हे सांगायची गरज होती का? त्यांनी आयुष्यभर दुसरं केलं काय होतं?

पण घरी येताना गाडीत कमळ डोळे मिटून, ओठ दाबून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला तिचा चेहरा पिळवटायचा. त्या रस्त्यावर सरांना मैदानातलं काही आठवलं नाही. त्यांना आठवली त्यांची आई, बायजाबाई.

बायजाबाई चौलकडच्या एका वाडीत सुपारीच्या झाडांना पाणी शिंपायच्या कामाला होती. दिवसभर शेकडो झाडांना पाणी तिच्या हातानं जायचं. पण तिला तहान लागली की तिनं वाकून ओंजळ पुढं करायची आणि मालकाच्या घरातल्या कुणीतरी तांब्या उंच धरून वरून पाणी ओतायचं. लहानगा रघुनाथ बाजूला उभा राहून ते बघायचा. थेंब अंगावर उडायचे. बायजाबाई आयुष्यात कधी खुर्चीवर बसली नाही. लोकांच्या अंगणात तर नाहीच, पुढं स्वतःच्या घरात खुर्ची आली तेव्हाही ती खाली जोत्यालाच टेकायची. "सवय न्हाय रे," म्हणायची. आणि कमळनं तरी वेगळं काय केलं? सर शिक्षणाला बाहेर होते तेव्हा ती लोकांच्या खाचरात गुडघाभर चिखलात लावणी करत होती.

तेव्हा सरांनी गाडीतच ठरवलं. आमच्या बायका पिढ्यान् पिढ्या राबल्या. ही आता बसेल.

त्यांनी गावातल्या सुताराकडून सागवानी खुर्ची करून घेतली. रुंद हातांची, पाठीला कलती, खोलगट. ओटीवर अशी मांडली की रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी. कमळला धरून आणलं, बसवलं, पायाखाली पाट दिला आणि म्हणाले, "बस. आता तुला कुणी ऊठ म्हणणार नाही."

हे वाक्य त्यांना पुढं फार सललं. पण त्या दिवशी त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

मग सरांनी बायकोला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. चहा तिच्या हातात. ताट मांडीवर. तहान लागली असं तिनं म्हणायच्या आत पाण्याचा तांब्या हजर. ती उठायला लागली की हे धावत येणार, काखेत हात घालणार, उचलणार. "अवो, मी घेते ना पानी, चार पावलांवर तर माठ हाय." "तू बस." कपडे वाळत घालायला हे, केर काढायला हे. वाडीतल्या बायका येता जाता थांबायच्या. "नशीब काढलंस गो बाय. आमच्या घरचा तर चहाची बशीपन उचलत न्हाय." कमळ हसायची. खोटं कशाला सांगा, पहिले काही महिने तिलाही ते आवडलं. कुणाला नाही आवडणार? जिला आयुष्यात कुणी पाण्याचा तांब्या हातात दिला नव्हता, तिला नवरा पंख्याचा वारा नीट लागतो का ते विचारत होता.

डॉक्टरांचा वॉकर दाराआड गेला. त्याच्यावर सर टॉवेल वाळत घालू लागले.

त्या मार्चमध्ये वाडीतली माणसं दर वर्षीप्रमाणे महाडला निघाली. वीस मार्चला चवदार तळ्यावर जायचं, पायऱ्या उतरायच्या, वाकून आपल्या हातानं ओंजळभर पाणी घ्यायचं, हा हाटेंच्या घरात पिढीजात नेम. बायजाबाई गुडघे धरले तरी जायची. लग्नानंतर कमळनं तो कधी चुकवला नव्हता, लेक मानसी पोटात होती तेव्हासुद्धा नाही. पण हाड मोडून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते, आणि सर तिला नेईनात. ते एकटे गेले आणि येताना तिच्यासाठी तळ्याचं पाणी बाटलीत भरून घेऊन आले. तिनं बाटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि फोटोंजवळच्या फळीवर ठेवायला सांगितली. पाणी ती प्यायली नाही. सरांना वाटलं, श्रद्धेनं ठेवलं असेल.

पुढं काय झालं ते एका दिवसात झालं नाही, म्हणून दिसलं नाही. आधी कमळ फाटकापर्यंत जायची ती अंगणापर्यंत जाऊ लागली. मग अंगणही सुटलं. मग न्हाणीला जातानाही हात लागू लागला. वॉकर असताना जी आपली आपण उभी राहायची, ती आता सरांच्या मानेला विळखा घालून उठायची. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, "वय झालं आपलं." पोराचा चावणारा बूट लांबून ओळखणारा माणूस, पण घरात बायकोच्या मांड्या काडीसारख्या होत होत्या ते त्यांना दिसेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

डोळे उघडले ते विहारात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वाडीतल्या विहारात सगळे जमले होते. सरांनी कमळला पुतण्याच्या, प्रितमच्या मदतीनं खुर्चीसकट उचलून नेलं होतं. वंदनेला सगळे उभे राहिले. म्हाताऱ्या कृष्णाबाई, नव्वदीला टेकलेल्या, त्याही भिंतीला धरून उठल्या. कमळनं खुर्चीचे हात धरले, जोर केला, पुन्हा केला, आणि बसून राहिली. सर पुरुषांच्या बाजूला होते. सगळ्यांच्या पाठींच्या मधून त्यांना तिचा चेहरा दिसला. ती हात जोडून बसली होती आणि तिचे डोळे भरले होते.

घरी आल्यावर तिनं चहा नको म्हटला. "मार्चला मी महाडला जानार," ती म्हणाली. "माझ्या पायानं पायऱ्या उतरनार. माझ्या हातानं पानी घेनार. तुमी मला तेवढं करून द्या. बाकी आता काय मागनं न्हाय."

"नेतो की. प्रितमची जीप आहे."

"नेयाचं न्हाय हो. जायाचं."

दुसऱ्या दिवशी सर तिला अलिबागला भक्तीकडे घेऊन गेले. भक्ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना आठशे मीटरला जिल्ह्यात पहिली आली होती. आता तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं, आणि दाराशी चपलांची रास होती. सरांना बघून तिनं वाकून नमस्कार केला. मग तिनं कमळला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "काकी, दोन्ही हात छातीशी घ्या. आता हातांचा आधार न घेता उठा."

कमळ पुढं झुकली. पाय थरथरले. ती जागची हलली नाही.

सर पुढं धावलेच. भक्तीनं नुसता हात आडवा केला आणि ते थांबले. तिनं कमळच्या मांड्या चाचपल्या, गुडघे वाकवून पाहिले, खुबा फिरवून पाहिला. "हाड छान जुळलंय, सर. दुखणं हाडाचं नाहीच." पुढचं बोलणं तिला जड जात होतं. "सर, तुम्हीच आम्हाला सांगायचात. मागणं सोडलं, तर अंग..."

"दिलेलं परत घेतं," सर म्हणाले.

त्यांना बसावंसं वाटलं, पण खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर कमळ बसली होती. ते भिंतीला टेकून उभे राहिले. आपण हिला आजारी पाडलं. हाड दगडानं मोडलं, पण पाय आपण घालवले. हे त्यांना इतकं स्वच्छ कळलं की ते नाकारायला जागाच उरली नाही.

"परत येईल का?" त्यांनी विचारलं.

"येईल. सगळं येईल असं नाही सांगत. या वयात जायला महिने लागले तर यायला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. पण पायऱ्या उतरण्याइतकं मार्चपर्यंत येऊ शकतं." मग तिनं सांगितलं ते सगळं साधंच होतं. खुर्चीवर गोधड्यांच्या घड्या ठेवून बसणं उंच करायचं. हात न लावता उठायचं आणि सावकाश बसायचं. सोपं झालं की एक घडी काढायची. खिडकीचा गज धरून टाचा उचलायच्या. अंगणात चालायचं, रोज थोडं पुढं. एक दिवस करायचं, एक दिवस विसावा. "आणि पायरी. तळ्याला उतरायचंय ना? मग पायरीच चढायची, पायरीच उतरायची. उतरणं चढण्यापेक्षा अवघड, तिथं मांडीला वजन तोलून धरावं लागतं. आणि सर, हात लावायचा नाही. जवळ उभे राहा. पडायला लागल्या तर धरा. पण पडायच्या आधी नाही."

"मला काय सांगतेस, भक्ती," सर कसंनुसं हसले.

"तुम्हालाच सांगतेय," भक्ती म्हणाली.

आता उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. सरांनी दुसऱ्याच दिवशी ट्रंकेतून शिट्टी काढून गळ्यात घातली. कमळनं पाहिलं. "ती वाजवलीत तर चुलीत घालीन," ती म्हणाली. शिट्टी वाजली नाही, पण सरांच्या अंगात मैदान संचारलं होतं. गेलेलं सगळं त्यांना एकदम परत आणायचं होतं. आठवडाभरात कमळ तीन घड्यांवरून आपली आपण उठू लागली, तर यांनी एकदम दोन घड्या काढल्या. अंगणात दोन फेऱ्या जमल्या, तर वाडीच्या टोकापर्यंत नेलं. विसाव्याच्या दिवशीही "थोडंसं, अगदी थोडंसं" करत उठबशा काढायला लावल्या. जो माणूस पोरांना चिमूटभर म्हणायचा, तो बायकोच्या अंगाकडे पसाभर मागत होता. अति तिथं माती. कमळचे दोन्ही गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले आणि ती अंथरुणाला खिळली.

भक्तीनं फोनवर एवढंच विचारलं, "सर, विसाव्याचा दिवस कुठं गेला?"

सर तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. कमळ अंथरुणावरून म्हणाली, "तिला सांगा, सर नापास झाले." ती हसत होती, पण नोव्हेंबरचे चांगले तीन आठवडे वाया गेले होते आणि ते त्या दोघांनाही माहीत होतं.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या वेळी सरांनी मुकाट्यानं सांगितलं तसं केलं. गोधडीची एक घडी निघाली, मग आणखी एक. अंगणातल्या फणसाला फेरी, मग फाटकाला फेरी, मग रस्त्याच्या वळणापर्यंत. थंडीचे दिवस, सकाळी खाडीवरून वारा यायचा, आणि कमळ शाल गुंडाळून आपल्या पायांनी चालायची. कालवं विकायला निघालेल्या बायका थांबून म्हणायच्या, "अगो बाय, चाललीस की!" जानेवारीच्या शेवटी एका सकाळी सर पेपर वाचत होते. आतून भांड्याचा आवाज आला. कमळ नुसत्या सागवानी खुर्चीतून, एकही घडी नसताना, उठून माठापाशी गेली होती. तिनं तांब्या भरला, स्वतः प्यायली आणि सरांसाठी भरून घेऊन आली. अर्धं पाणी वाटेत सांडलं. सरांनी तो तांब्या घेतला आणि ते लहान मुलासारखे रडले.

"रडताय काय, पानी प्या," कमळ म्हणाली.

राहिली ती पायरी.

विहाराला चार पायऱ्या होत्या. सर तिला तिथे घेऊन जायचे. चढताना ती बरी चढायची. पण उतरायची वेळ आली, तिनं पहिला पाय खाली सोडला, की सरांना तो धुण्याचा दगड दिसायचा. त्यावर आडवी पडलेली कमळ दिसायची, तिचा तो आवाज ऐकू यायचा. आणि त्यांचा हात आपसूक तिच्या काखेत जायचा.

"अवो, सोडा. भक्ती काय बोलली?"

"नुसता लावलाय. जोर कुठं देतोय?"

"मग काढा की."

"काढतो. उद्यापासून."

उद्या आला की परत तेच. सरांना खरंच वाटायचं की हात नुसता लावलाय. कमळलाही हळूहळू तसंच वाटू लागलं. त्या हातावर किती भार जातोय ते त्यांना कळत नव्हतं आणि तिलाही नाही. चाळीस-एक वर्षांच्या संसारात कुठं आपण संपतो आणि कुठं दुसरा सुरू होतो हे माणसाला नीट सांगता येत नाही, आणि पायरीवर तर मुळीच नाही. फेब्रुवारीत भक्तीनं विचारलं, पायऱ्या जमतात का? दोघांनीही एका सुरात सांगितलं, जमतात.

वीस मार्चला प्रितमनं पहाटे जीप काढली. रोहा, कोलाड, माणगाव करत ती महाडला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. रस्ते निळ्या झेंड्यांनी भरले होते. पांढरी साडी नेसून कमळ जीपमधून आपली आपण उतरली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती. सर घेतो म्हणाले तर तिनं दिली नाही. वाहनतळापासून तळ्यापर्यंतची वाट ती गर्दीतून चालली, मध्ये दोनदा कठड्यावर टेकली, पण चालली. सरांची छाती फुगली होती. ओळखीचं कुणी भेटलं की ते सांगत, "हाड मोडलं होतं हिचं. बघा आता."

तळं आलं. ऊन पाण्यावर चमकत होतं. पायऱ्यांवर माणसंच माणसं. कुणी लेकराला कडेवर घेऊन उतरत होतं, कुणी म्हाताऱ्या बापाला धरून. कमळ वरच्या पायरीशी उभी राहिली. सरांचा हात सवयीनं तिच्या काखेत गेला.

"आज न्हाय," ती म्हणाली. "इथं तरी न्हाय."

सरांनी हात काढला. पहिल्यांदाच काढला.

तिनं उजवा पाय उचलला, खालच्या पायरीवर टेकवायला पुढं नेला. डाव्या गुडघ्यावर वजन आलं आणि तो गुडघा लटपटला. तिनं पाय मागं घेतला. श्वास घेतला. पुन्हा पाय पुढं. पुन्हा तो थरकाप, मांडीपासून पोटरीपर्यंत. मागून माणसं येत होती, "आजी, जरा बाजूला," म्हणत होती. तिसऱ्यांदा तिनं पाय सोडला तेव्हा तोल गेला आणि सरांनी तिला धरलं. दोघं तिथंच वरच्या पायरीवर बसले. कमळचं कपाळ घामानं डबडबलं होतं.

"जमत न्हाय," ती म्हणाली. "मला वाटत होतं जमतंय."

"अगं, विहारात तर..."

"विहारात तुमचा हात उतरत होता. मी न्हाय."

खाली पाणी होतं, हाकेच्या अंतरावर. कमळ त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते सरांना सहन होईना. मग त्यांनी त्यांना आयुष्यात जे करता येत होतं तेच केलं. ते उठले, धडाधड पायऱ्या उतरले, वाकले आणि ओंजळ भरून घेतली. बोटं घट्ट मिटून, कोपर अंगाशी धरून, लोकांना चुकवत ते वर आले. म्हातारपणातही पाय पक्के होते त्यांचे. अर्धंअधिक पाणी तसंच राहिलं होतं. कमळ खाली बसलेली, ते तिच्यासमोर उभे. "हात पुढं कर," ते धापा टाकत म्हणाले, "ओततो."

कमळनं हात पुढं केले नाहीत.

"अवो," ती म्हणाली, अगदी हळू, रागानं नाही, "असं वरनं वतलेलं पानी प्यायला लागू नये, म्हनून तर इथं यायचं ना आपन?"

सर तसेच उभे राहिले. वाकलेली आई, उंच धरलेला तांब्या आणि अंगावर उडणारे थेंब. त्यांनी जन्मभर ते चित्र उराशी बाळगलं होतं, आणि त्या चित्रात आपण कुठं उभे आहोत हे त्यांना आज दिसलं. पाणी बोटांच्या फटींतून गळत होतं. ते धरून ठेवायचं की सोडायचं हेही त्यांना कळेना.

कमळनं पिशवीतून एक बाटली काढली. गेल्या मार्चची, सरांनी आणलेली. पाणी तसंच्या तसं होतं. "हे मी आज माझ्या हातानं परत वतनार होते," ती म्हणाली. "आता तुमीच वता. ते हातातलं पन."

सर पायऱ्या उतरले. ओंजळ पाण्यावर मोकळी केली. मग बाटलीचं झाकण काढून तेही पाणी तळ्यात सोडलं. शेजारी एक बाई आपल्या मुलीला ओंजळ कशी धरायची ते दाखवत होती. सर पाण्याला हात लावायला वाकले, आणि कमळ वर बसली असताना आपण प्यावं असं त्यांना वाटेना. त्यांनी हात मागं घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरांच्या घरातलं कुणीच त्या दिवशी पाणी प्यायलं नाही.

ते वर येऊन तिच्याशेजारी बसले.

"कमळ, माझं चुकलं," सर म्हणाले.

"चुकलं खरं," ती म्हणाली. तिनं नाही म्हटलं नाही, आणि सरांनाही ती नाही म्हणेल अशी आशा नव्हती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पन मीबी बसले. मला बसायला गोड वाटलं."

"पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षाचं कोन सांगावं. पुढच्या वर्षी गुडघं काय म्हनतील, आपन असू का न्हाय." तिनं पाण्याकडे एकदा नीट बघून घेतलं. "उद्यापास्नं विहारात मला एकटीला उतरू द्या. पडले तर पडले."

"हो."

"नुसतं हो न्हाय."

"हात नाही लावणार."

लांबून प्रितमनं हाक मारली. निघायला हवं होतं. पायरी खोल होती, सागवानी खुर्चीपेक्षा कितीतरी खाली, आणि शेजारी धरायला काही नव्हतं. कमळनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, पुढं झुकली, आणि तिचे पाय कापू लागले. सर तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी आपले हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट बांधले, मैदानावर पोरांना उभं करायचे तसे. हात ओले होते. ती अर्ध्यात आली आणि खाली बसली. सरांची बोटं पाठीमागं एकमेकांत रुतली, पण सुटली नाहीत. ती पुन्हा झुकली, तोंड वेडंवाकडं झालं, एक पाय जरासा सरकला, आणि सर जागचे हलले नाहीत. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी त्यांनी एवढंच करायला हवं होतं.

कमळ उभी राहिली. तिनं पदर सारखा केला, रिकामी बाटली पिशवीत टाकली, आणि सरांची वाट न बघता जीपकडे चालू लागली. सर दोन पावलं मागं राहून तिच्यामागून चालले, आणि जीप येईपर्यंत त्यांनी हात पाठीमागून काढले नाहीत.